खिंडीच्या तोंडाशी थांबणारी मोटार

युसूफ वडगावात मोटार एकच होती. ती मोहनरावांच्या मालकीची, पण तिचा हळूपणा हरिबाचा, आणि आसपासच्या गावांत नाव झालं होतं ते या हळूपणाचंच. केजच्या बाजाराला निघालेल्या माणसाला मागून मोटार येताना दिसली, तरी तो रस्ता सोडायची घाई करत नसे. डोईवरचं गाठोडं सारखं करून, सोबत्याशी चाललेलं बोलणं संपवून तो निवांत बाजूला होई. तोवर मोटार त्याच्यामागं घुरघुरत उभी असे आणि आत बसलेल्या हरिबाच्या चेहऱ्यावर उन्हात वाळत घातलेल्या घोंगडीइतकी शांतता असे.

गावात त्याला 'मोटारीचा मेंढका' म्हणत. हरिबाला त्याचा राग येत नसे. तो मेंढकाच होता.

हरिबा धनगराच्या घरचा, मूळचा शिरूर कासारकडचा. तिकडच्या माळावर उन्हाळ्यात गवताची काडी राहत नसे. म्हणून दरसाल दिवाळी सरली, की तो आणि त्याचा थोरला भाऊ सटवा मेंढरं घेऊन केजच्या अंगाला यायचे. इकडचे शेतकरी खतासाठी वावरात मेंढरं बसवून घेत. मोहनरावांच्या काळ्या रानात त्यांचा मुक्काम ठरलेला. एका साली कळपात रोग शिरला. उरली तेवढी मेंढरं हाकत सटवा माघारी गेला, आणि हरिबा बायको सत्यभामेला घेऊन मोहनरावांकडंच सालगडी म्हणून राहिला.

निजाम सरकारच्या मुलखात तेव्हा मोटारी नुकत्याच दिसू लागल्या होत्या. मोहनरावांनी एक जुनी मोटार घेतली आणि तिच्यासोबत बाहेरगावचा एक डायवरही आणला. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि हातात मोजे होते. तो आला तसा गावाला रस्त्याच्या कडेनं चालायची सवय लागली. महिनाभरानं केजच्या बाजारात तो पोटभर शिंदी प्याला आणि दिवस मावळायच्या सुमारास मोहनरावांना घेऊन परत निघाला. ती गुरं घरी फिरायची वेळ. सडकेवर गाईंचा तांडा चाललेला. डायवरनं मागून भोंगा वाजवला, तेवढ्यानं एक गाय बुजून आडवी झाली आणि तिला चुकवताना मोटार ओढ्यात गेली. गाय वाचली. मोहनरावांच्या खांद्याचं हाड मोडलं आणि पुढं ते वाकडंच बसलं. चष्मेवाला त्याच आठवड्यात आपल्या गावी निघून गेला.

ओढ्यातून मोटार बाहेर काढायला चार बैल घेऊन गेला तो हरिबा. तिला दुरुस्त करायला बीडहून दगडूभाई मिस्त्री आले, आणि गोठ्याशेजारी त्यांचा कारखाना उभा राहिला. हरिबा त्यांना हत्यारं द्यायचा, पाणी द्यायचा, आणि मोटारीचं पोट उघडं असताना त्यात काय काय हलतं ते बघत राहायचा. मिस्त्री निघायच्या आधी मोहनरावांनी विचारलं, "दुसरा डायवर कुठं मिळंल?" दगडूभाईंनी नट पुसता पुसता हरिबाकडं बोट केलं.

"इसको सिखाता मैं," ते म्हणाले. मग हरिबाला म्हणाले, "गाडी चलाना तो कोई भी सीख लेता. तू पयले रोकना सीख."

मग माळावर शाळा भरली. दगडूभाई शेणाची रिकामी पाटी मधोमध ठेवत आणि हरिबानं तिच्या अलीकडं मोटार थांबवायची. त्या काळच्या मोटारीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि तोही मनात आलं तर लागणारा. पहिल्या दिवशी हरिबानं पाटी चिरडली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. सत्यभामा माळाच्या कडेला उभी राहून म्हणाली, "घरात पाटी राह्यली न्हाई एक. आता शेन काय मोटारीतून टाकायचं का?"

हरिबाच्या डोक्यात प्रकाश पडला तो मेंढरांमुळं. कळपाला थांब म्हटलं तर पुढची मेंढरं थांबतात, पण मागची काही वेळ रेटत येतात. त्या रेट्याला जागा लागते. मोटारीच्या पोटातही तसंच काहीतरी मागून रेटत येत असणार. मेंढका ती जागा आधीच सोडून ठेवतो. मोटारवाल्यानंही ती सोडायला हवी. त्या दिवसापासून तो पाटीकडं बघायचा सोडून पाटीच्या अलीकडच्या मोकळ्या जमिनीकडं बघू लागला. पाट्या वाचल्या.

पुढं हरिबानं म्हातारपणापर्यंत मोटार हाकली. उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या लांबलचक मोटारी आल्या, त्याही चालवल्या, आणि किती तरी जणांना शिकवलं. एवढ्या वर्षांत त्याच्या चाकाखाली माणूस आला नाही आणि त्याच्या मोटारीतून कुणी लंगडत उतरलं नाही. पण हे सगळं सुरू होता होताच संपायच्या बेताला आलं होतं, आणि ही गोष्ट त्या दिवसांची आहे.

मोहनरावांना हरिबाचं काम पटत होतं आणि त्याची चाल पटत नव्हती. तो निघण्याआधी चारी चाकांवर हात फिरवायचा. वाड्याच्या फाटकाआतच एकदा चालवून, एकदा थांबवून बघायचा. शिंदीचा थेंब घेतला असेल तर दुसरा दिवस उजाडेपर्यंत मोटारीला हात लावायचा नाही. गुरं फिरायच्या वेळी झाडाखाली मोटार उभी करून धूळ बसेपर्यंत वाट बघायचा. आणि बैलांच्या मागं भोंगा कधीच वाजवायचा नाही. खाली उतरायचा, चालत गाडीवानापाशी जायचा, "पाव्हणं, जरा अंग चोरून घ्या," म्हणायचा आणि परत येऊन बसायचा.

एकदा मोमिनाबादच्या सडकेवर राधाकिशन जमीनदारांची मोटार धुरळ्याचा डोंगर उडवत मागून आली आणि पुढं गेली. मोहनराव तोंडावर उपरणं धरून म्हणाले, "हरिबा, लोकांची धूळ खायला घेतली का मी मोटार?"

"धूळ झटकता येती, मालक."

मोहनरावांचा हात नकळत वाकड्या खांद्यावर गेला. पण ते खूश झाले नाहीत. खरं तर मोटारीची हौसच त्यांच्या मनातून उतरत चालली होती. त्यांनी ती घेतली होती आईसाठी. केशरबाईंची पाठ गाडीच्या हिसक्यांनी कामातून गेली होती, आणि लिंबागणेशला त्यांची धाकटी बहीण छबुबाई गुडघे धरून बसली होती. दोघी बहिणींची भेट होऊन वर्षं लोटली होती. मोटारीनं सकाळी निघालं तर जेवायला लिंबागणेश. पण लेकाचा खांदा मोडल्यापासून केशरबाईंनी मोटारीचं नाव टाकलं होतं. अंगणात ती उभी असली तर त्या तिला वळसा घालून तुळशीकडं जात.

दिवाळीच्या तोंडावर केजच्या बंकटशेटचा निरोप आला, की मोटार द्यायची असेल तर मी घेतो. त्यांच्याकडं त्यांचा स्वतःचा डायवर होता. मोहनरावांनी हरिबाला बोलावलं.

"आईला मी शेवटचं विचारलं. ती म्हणती, एकदा जाऊन बघते. पण आपली बैलगाडी आदल्या दिवशी लिंबागणेशला धाडायला लावलीय तिनं."

"गाडी कावून, मालक?"

"परत कशात बसायचं ते ती तिथं ठरवणार. मोटारीत बसून आली तर मोटार राहील. गाडीत बसून आली, तर मी बंकटशेटला निरोप धाडतो. मग तू हायेसच रानात, पहिल्यासारखा."

हरिबानं मान डोलावली. रानातल्या कामाचं त्याला भय नव्हतं. पण एकदा सडक हातांना कळल्यावर, तिचे खाचखळगे, उतार, कुठं मुरूम सुटलाय आणि कुठं दगड बसलाय हे तळव्यांतून कळायला लागल्यावर, ते सोडून जायचं म्हणजे दुसऱ्यांदा कळप हातातून जाणं होतं. मनात त्यानं एवढंच म्हटलं, नेतो. नीट नेतो. त्यात त्याला शंका वाटली नाही.

निघायच्या सकाळी तो मोटारीभोवती फिरत असताना सत्यभामेनं भाकरीचं फडकं आणून दिलं.

"देवाभोवती बी एवढं कधी फिरला न्हाईत."

"देवाची चाकं ढिली व्हत न्हाईत."

"थोरल्या बाईंस्नी भ्या वाटलं तर गप बसू नगा. बोला जरा. मोटार चालवताना तुमी मुक्यावानी व्हता."

"बोलत बोलत चालवली की येक तर बोलनं चुकतं, न्हाई तर मोटार."

"तुमचं बोलनं तर न बोलताच चुकतं," सत्यभामा म्हणाली आणि फडक्याची गाठ घट्ट करून गेली.

केशरबाई आल्या त्या युद्धाला निघाल्यासारख्या, ओठ मिटून. सोबत घरातली जुनी कडूबाई होती, जिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पायदानावर पाय ठेवताना केशरबाईंनी हरिबाचा खांदा धरला, आणि आत बसल्यावर टपाची दांडी जी मुठीत पकडली ती सोडली नाही. मोहनराव वाड्याच्या पायरीवरच थांबले. हरिबानं पुढून हँडल मारून इंजिन चालू केलं, मोटार फाटकापर्यंत नेली, थांबवली, आणि मग सडकेला लागला.

कडूबाईला केजपर्यंतच कंटाळा आला.

"अरं हरिबा, माजी गाभण शेळी याच्या फुडं पळंल."

हरिबानं नजर सडकेवरच ठेवली.

"बाई, आपन उतरून चालावं का? पोचल्यावर याला जेवन वाढून ठिवू."

केशरबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण दांडीवरची मूठ तशीच राहिली.

केज मागं पडल्यावर एक मेंढरांचा कळप सडक ओलांडत होता. हरिबानं लांबूनच मोटार उभी केली. कळप गेला. पलीकडून मेंढक्यानं हात केला तरी हरिबा हलला नाही. कडूबाई तोंड उघडणार एवढ्यात बाभळीमागून एक लंगडं कोकरू धडपडत आलं, मोटारीच्या नाकासमोरून पलीकडं गेलं, आणि मग हरिबानं पायाखालचा ब्रेक सोडला. केशरबाईंनी कोकराकडं पाहिलं, मग हरिबाच्या पाठीकडं पाहिलं.

नेकनूर गेलं. मांजरसुंब्याला सडक मावळतीकडं वळली. दोन्ही बाजूंना बालाघाटचे बोडके डोंगर, त्यांच्या अंगावर सीताफळांची झुडपं, आणि फळांचे डोळे उघडल्याचा गोड वास. लिंबागणेश जवळ आलं तशी सडक एका खिंडीत शिरली. उजवीकडं उभा कातळ, डावीकडं घळ, आणि मध्ये सडकेला असं वळण, की दहा पावलांपुढचं दिसू नये.

खिंडीच्या तोंडाशी हरिबानं मोटार उभी केली आणि इंजिन बंद केलं. एकदम एवढं शांत झालं, की कडूबाईसुद्धा गप्प झाली.

"काय झालं?" केशरबाईंनी विचारलं. सकाळपासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"काय न्हाई, बाई. ऐकतोय."

"काय ऐकतोस?"

"पलीकडनं कुनी येतंय का ते. मेंढरं घेऊन आमी फिरायचो तवा खिंडीत असंच थांबायचो. दोन कळप आत गाठ पडलं, तर मेंढरं मिसळत्यात. मग दिवस जातो निवडन्यात. गाडी येत असली तर बैलांच्या माळा वाजत्यात. खिंडीत गाडी दिसायच्या आधी ऐकू येती."

"आणि तू भोंगा न्हाई वाजवत?"

"भोंग्यानं बैल बुजतो, बाई. त्यानं वाजायचं आन् आपन ऐकायचं. मला लांबचं ऐकू येतं. फिकर करू नका."

त्यानं हे इतक्या खात्रीनं सांगितलं, की केशरबाईंनी दांडीवरची मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला. हरिबानं पुन्हा कान दिला. वारा होता. कुठंतरी होला घुमत होता. बाकी काही नाही. त्यानं उतरून हँडल मारलं आणि माणसाच्या चालीनं मोटार खिंडीत घातली.

वळणावर समोर दोन पांढरी तोंडं आली.

बैल इतके जवळ होते, की त्यांच्या नाकपुड्यांतली ओल दिसली. हरिबाचा पाय ब्रेकवर गेला, मोटार हिसका देऊन थांबली आणि इंजिन मेलं. बैलांच्या नाकात मोटारीचा गरम वास गेला असावा. डावा बैल मागं रेटला, जू तिरकं झालं, आणि गाडीचं बाहेरचं चाक घळीच्या कडेकडं सरकायला लागलं. गाडीत दोन बायका पदरानं तोंडं झाकून बसल्या होत्या. त्यातली एक हळूच "अगं माय" म्हणाली.

हरिबा खाली उतरला. तो धावला नाही. धावत येणाऱ्या माणसाला बैल आणखी बुजतो. तो कातळाच्या बाजूनं, हात खाली ठेवून, तोंडानं "हो राजा, हो" असं पुटपुटत गेला आणि त्यानं डाव्या बैलाची वेसण धरली. गाडीवानानंही कासरा ओढून धरला होता. दोघांनी मिळून बैल दोन पावलं पुढं घेतले. चाक कडेवरून आत आलं. एक दगड तेवढा सुटला आणि घळीत बराच वेळ वाजत गेला.

गाडीवानाचं नाव सुग्रीव. तरुण होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. हरिबाची नजर बैलांच्या गळ्यांकडं गेली. गळे मोकळे होते.

"माळा कुठं हायत्या?"

"बाप गेला माजा," सुग्रीव म्हणाला. "घरात दुखवटा हाय. माळा कशा बांधू?"

हरिबाच्याही घरी हीच रीत होती. दुखवट्यात कळपातल्या म्होरक्याच्या गळ्यातली घंटा उतरवायचे. हे त्याला ठाऊक होतं, आणि खिंडीच्या तोंडाशी थांबून कान देताना ते एकदाही मनात आलं नव्हतं.

"आन् तू बे?" सुग्रीवचा आवाज चढला. "चोरावानी कावून आलास? भोंगा हाय ना तुज्या गाडीला?"

"बैल बुजत्यात म्हनून वाजवला न्हाई."

"कानाशी वाजवला तर बुजत्यात. लांबून वाजला तर कान टवकारत्यात, आन् गाडीवानबी जागा व्हतो. खिंडीच्या तोंडाशी वाजवला असतास तर मी पलीकडंच उभा राह्यलो असतो. बैलांचं कळतं म्हनतोस आन् गाडीवानाचं कळत न्हाई?"

"खरं हाय," हरिबा म्हणाला. "चुकी माजी. तुमी थांबा, मी मोटार मागं घेतो."

केशरबाई खाली उतरल्या होत्या. त्या गाडीतल्या बायकांपाशी गेल्या, दोन शब्द बोलल्या, त्यातल्या म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला. हरिबानं कडूबाईला सडकेच्या मागच्या बाजूला कातळाशी उभं केलं, आणि ती सांगेल तशी मोटार मागं घेतली. कडूबाईला हे काम फार आवडलं. "येऊ दे, येऊ दे, आता थांब, मेल्या थांब," करत तिनं मोटार खिंडीबाहेर आणली. सुग्रीवची गाडी मुक्यानंच निघून गेली. जाताना त्यानं हरिबाकडं पाहून मान हलवली. राग त्या मानेत उरला नव्हता.

केशरबाई कातळाला टेकून उभ्या होत्या.

"तू म्हणालास, मला ऐकू येतं."

"म्हनलो, बाई. चुकलो. न वाजनारी गाडीबी असती, हे डोक्यात आलं न्हाई."

"मग थांबलास कसा?"

हरिबानं विचार केला. आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यानंही हे कधी शब्दांत बसवलं नव्हतं.

"कान फसला तर डोळा हाय, म्हनून. जेवढं दिसतंय तेवढ्या जाग्यात थांबंल, एवढीच चालवतो मी. वळनावर कमी दिसतं, तर कमी."

"उरलेली खिंड मी चालत येते," एवढंच केशरबाई म्हणाल्या, आणि कडूबाईचा हात धरून पाठीचं दुखणं सांभाळत चालत गेल्या. हरिबा मोकळी मोटार घेऊन त्यांच्यामागं, भोंगा वाजवत. पलीकडं पोचल्यावर त्या बसल्या, पण मूठ पुन्हा दांडीवर गेली ती छबुबाईंच्या दारापर्यंत.

छबुबाईंच्या अंगणात चिंचेखाली वडगावची गाडी आधीच उभी होती. गाडीवान मुंजाजी बैलांना कडबा टाकत होता. कडूबाईनं मोटारीतून उतरता उतरताच खिंडीची हकीकत सांगायला सुरुवात केली, आणि उतरून होईपर्यंत त्यात दोन बैलांचे चार झाले. मुंजाजीनं सगळं ऐकून घेतलं.

"हरिबा, मोटार गेली की माज्या गाडीत मागं बस," तो म्हणाला. "कडब्याशेजारी जागा हाय."

हरिबानं भाकरी खाल्ली. रानातलं काम, सटवाचा कळप, बंकटशेटचा डायवर, हे सगळं एकदा मनात येऊन गेलं. मग तो उठला.

"मुंजाजी, चल जरा खिंडीपातूर."

"कावून?"

"मी कडब्याशेजारी बसायच्या आधी येक काम हाय."

खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी त्यानं मुंजाजीला गाडीबैलांसकट उभं केलं आणि स्वतः मोटार घेऊन अलीकडं आला. भोंगा वाजवला. चालत वळणापर्यंत जाऊन ओरडून विचारलं. ऐकू आला नव्हता. मोटार जरा पुढं घेतली, पुन्हा वाजवला. या वेळी ऐकू आला. बैल? बैलांनी नुसते कान हलवले. आणखी पुढं घेऊन वाजवला, तर बैल दचकले. मग हरिबा मधल्या जागेवर परत आला. तिथून भोंगा पलीकडं पोचत होता आणि बैल जागचे हलत नव्हते. त्यानं कातळावर चुन्याच्या डबीतला चुना बोटानं ओढला. तसाच एक पट्टा पलीकडच्या बाजूला. मुंजाजी पहिल्यांदा कुरकुरला, मग त्यालाच चेव आला.

"वारा फिरला तर?" तो म्हणाला. "वारा फिरला तर पोचनार न्हाई बे तुजा भोंगा."

"मग वाजवून थांबायचं. जबाब आला न्हाई, तर उतरून बघून यायचं."

"दर खेपंला?"

"दर खेपंला."

"मोटारीपरीस तुजी चप्पल झिजंल," मुंजाजी म्हणाला, पण परतताना त्यानं स्वतः होऊन सांगितलं, की वाटेतल्या आणखी दोन वळणांवर असंच करून बघायला पाहिजे. त्यांनी ते करून पाहिलं. संध्याकाळी सुग्रीवची रिकामी गाडी परत येताना खिंडीत भेटली. हरिबानं त्याला पट्टा दाखवला. सुग्रीव गाडीतून न उतरताच बघत राहिला आणि म्हणाला, "आमी गाडीवालेबी हितून हाळी देत जाऊ. सांगतो मी गावात."

चार दिवस बहिणी बोलत होत्या. ओसरीवरून त्यांचा आवाज ऐकू यायचा, कधी हसणं, कधी नुसतीच पाटा-वरवंट्याची घरघर. केशरबाईंनी हरिबाला बोलावलं नाही. एकदा पाणी न्यायला तो ओसरीशी गेला, तर छबुबाई म्हणत होत्या, "आक्का, दिवसभर वळनावर भोंगं वाजवत बसतो म्हनं तुमचा मानूस. येडा हाय का?" केशरबाईंचं उत्तर त्याला ऐकू आलं नाही.

परतायच्या सकाळी मुंजाजीनं बैल जुंपले. हरिबानंही मोटार पुसली, पाणी भरलं, चारी चाकांवर हात फिरवला, आणि उभा राहिला. घरातून पहिल्यांदा कडूबाई आली. डोक्यावर केशरबाईंची वळकटी, काखेत गाठोडं. ती मोटारीवरून सरळ पुढं गेली आणि वळकटी तिनं बैलगाडीत टाकली. मग गाठोडं टाकलं. मग सीताफळांची पाटी ठेवली.

हरिबा बघत राहिला. त्याला वाईट वाटलं, पण राग आला नाही. बाईंनी पाहिलं होतं आणि ठरवलं होतं. पट्टे आता कातळावर होते. बंकटशेटच्या डायवरनं त्यांच्याकडं बघितलं तरी पुष्कळ. तो मुंजाजीला हात द्यायला गाडीकडं वळला.

"तिकडं कुठं निघालास?" मागून केशरबाई म्हणाल्या. "हिला धर आधी."

दारात केशरबाई आणि शेजारची एक बाई छबुबाईंना दोन्हीकडून धरून उभ्या होत्या. छबुबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि गुडघ्यांना फडकी गुंडाळली होती.

"छबू येतीय वडगावला. थंडी सरेपर्यंत राहील," केशरबाई म्हणाल्या. "हिला गाडीचे हिसके सोसायचे न्हाईत. मुंजाजी, सामान नीट बांध. कडूबाई तुझ्यासंगं येईल, मोटारीत जागा न्हाई."

"म्हंजी दिवसभर हिची बडबड मीच ऐकू?" मुंजाजी म्हणाला.

"तुज्या बैलांस्नी तरी अक्कल येईल," कडूबाईनं गाडीत चढत सांगितलं.

हरिबानं छबुबाईंना उचलून मागच्या बाकावर बसवलं. केशरबाई त्यांच्याशेजारी बसल्या. छबुबाईंनी आधी समोरच्या काचेकडं पाहिलं, मग मोटारीच्या दारातून खाली जमिनीकडं पाहिलं, आणि बहिणीचा हात घट्ट धरला.

"आक्का, भ्या वाटत न्हाई का गं तुला?"

"वाटतं की," केशरबाई म्हणाल्या. "यालाबी वाटतं. म्हणून तर याच्या मागं बसले."

हरिबा हँडल मारायला पुढं गेला.